माशाचे ताट, कुळथाचे ताट आणि आपले रक्त

गेल्या पावसाळ्यात राजापूर तालुक्यातील एका गावी शेतकरी मेळाव्यास जाण्याचा योग आला. विषय होता भातानंतर अंगओलाव्यावर घ्यावयाची कडधान्ये. कुळीथ, वाल, चवळी यांच्या लागवडीबद्दल बोलून झाल्यावर मागच्या बाकावरील एक वयस्क शेतकरी उठले व म्हणाले, "सर, कुळीथ पेरतो मी, ते ठीक. पण मला वेगळंच विचारायचंय. रक्त तपासलं तेव्हा माझं कोलेस्टेरॉल जास्त निघालं. मी मासे-मटण सोडलं, डाळ-कुळीथ धरलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर कमी झालं. म्हणून मी घरात सगळ्यांचंच बंद केलं. सून पोटुशी आहे, तिचंसुद्धा. बरोबर केलं ना?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नव्हते. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, कृषिविद्येचा शिक्षक आहे. तथापि जे आपण पिकवतो ते ताटात गेल्यावर पुढे काय होते, हेही शेतकऱ्यास ठाऊक असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. येथे केवळ निरोगी प्रौढ माणसांचा विचार केला आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा.

तास, महिने आणि वर्षे

शेतकरी बंधूंनो, पिकास युरिया दिला तर आठवड्याभरात पान हिरवेगार होते. परंतु त्या हिरव्या पानावरून जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढला, असे आपण म्हणत नाही. सेंद्रिय कर्ब वाढण्यास वर्षे लागतात आणि तो घटतो तेव्हाही कित्येक हंगाम पिकावर काही दिसत नाही. रक्ताचेही असेच आहे. रक्तातील काही घटक जेवणानंतर काही तासांत बदलतात, काही महिन्या-दोन महिन्यांत, तर काही वर्षानुवर्षांनी. मांसाहार बरा की शाकाहार, हा वाद करताना आपण बहुधा एका मुदतीचा घटक पाहून दुसऱ्या मुदतीचा निष्कर्ष काढतो. चूक होते ती येथेच.

काही तासांत बदलणारे घटक

जेवणानंतर सर्वांत आधी वाढते ती रक्तशर्करा. निरोगी माणसात ती साधारण पाऊण ते एक तासात सर्वांत वर जाते व दोन तासांत खाली येऊ लागते. उपाशीपोटी ती १०० मिलिग्रॅमच्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत असावी. आपल्या ताटात ती वाढवतो तो प्रामुख्याने भात. बांगड्यात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात. कुळथात ते असतात, पण तंतुमय पदार्थ व प्रथिनांच्या जोडीने असल्याने सावकाश पचतात. म्हणून भाताबरोबर माशाचे कालवण घ्या की कुळथाची पिठी घ्या, नुसत्या भाताच्या मानाने दोन्ही वेळा शर्करेची चढण सौम्य होते. उकड्या तांदळाचा भात पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा या बाबतीत सामान्यतः बरा. शिवाय भात उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते व भरडताना कमी वाया जाते.

याउलट उपवासाचे ताट पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र असतात. शेंगदाण्याचे कूट घातले तेवढाच त्यास आधार. तेव्हा शाकाहारी जेवण म्हणजे शर्करा कमी, असे मुळीच नाही. ताट शाकाहारी आहे की सामिष, यापेक्षा त्यात भात-साबुदाणा किती आणि सोबत काय, हे येथे महत्त्वाचे ठरते.

दुसरा घटक ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी. ती जेवणानंतर तीन-चार तासांनी सर्वांत वर असते. मटणाचा रस्सा, तळलेली मासळी, तसेच पुरी-श्रीखंड व वडे खाल्ले तरी ती वाढते. उपाशीपोटी ती १५० च्या आत असावी. लग्नाच्या जेवणावळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रक्त देणारा माणस वाढलेला आकडा पाहून विनाकारण घाबरतो. खत टाकल्यावर लगेच मातीचा नमुना घेऊ नये, हा नियम येथेही लागू आहे.

महिन्या-दोन महिन्यांत बदलणारे घटक

मेळाव्यातील शेतकऱ्याचा आकडा या गटातला. एलडीएल, ज्यास लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते आहार बदलल्यावर तीन-चार आठवड्यांतच हलू लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात निरोगी अशा २२ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतील एकास आठ आठवडे संपूर्ण वनस्पतिजन्य आहार दिला, दुसऱ्यास भाजीपाल्याने परिपूर्ण पण मांस, अंडी व दूध यांचा समावेश असलेला चांगला आहार दिला. जुळ्यांचे बियाणे एकच असल्याने फरक पडला तो आहाराचाच. आपण एकाच वाणाचे दोन वाफे करून खतांची तुलना करतो, तसाच हा प्रकार. वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांचे एलडीएल दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १४ मिलिग्रॅमने अधिक उतरले आणि बहुतेक फरक पहिल्या चार आठवड्यांतच दिसला.

असे का होते? कडधान्ये व भाज्यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले धरून शौचावाटे बाहेर टाकतात. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल उचलते. शिवाय मटणातील चरबी कमी झाल्याने संपृक्त स्निग्धाम्ले कमी होतात. एलडीएल वाढवणारी मुख्य गोष्ट हीच आहे.

येथे कोकणातील दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे.

पहिला गैरसमज असा की, वनस्पतिजन्य ते सर्व निर्धोक. नारळात कोलेस्टेरॉल नसते हे खरे, परंतु खोबरेल तेलातील सुमारे नऊ दशांश स्निग्धाम्ले संपृक्त असतात. त्यामुळे एलडीएल वाढते. सोबत एचडीएल, म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉलही थोडे वाढते, परंतु त्याने हिशेब फिटतो असे समजू नये. मासे सोडून प्रत्येक भाजीत दुप्पट खोबरे घालणाऱ्यास अपेक्षित लाभ होणार नाही. नारळ सोडण्याची गरज नाही. मात्र वाटप किती आणि घरात माणसे किती, याचा विचार व्हावा.

दुसरा गैरसमज असा की, कोळंबी व मासे खाल्ले की कोलेस्टेरॉल वाढणारच. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना रोज ३०० ग्रॅम कोळंबी दिली. एलडीएल सुमारे ७ टक्के वाढले, पण एचडीएल सुमारे १२ टक्के वाढले व ट्रायग्लिसराइड १३ टक्क्यांनी घटले. कारण कोळंबीत कोलेस्टेरॉल असले तरी संपृक्त चरबी फारच थोडी असते. बांगडा व तारली यांसारख्या तेलकट मासळीतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले तर ट्रायग्लिसराइड कमी करणारी म्हणूनच ओळखली जातात. तेव्हा मासे आणि मटण यांना एकाच पारड्यात घालू नये. त्याचप्रमाणे मासे कोणत्या व किती तेलात तळले, हेही पाहावे.

याच गटात यूरिक आम्ल येते. मटण, कलेजी, कोळंबी, तारली यांनी ते वाढते. ते वाढले की पुष्कळ ठिकाणी डाळीही बंद करतात. अमेरिकेतील ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांत सांधे धरणाऱ्या गाऊट विकाराचे प्रमाण अधिक आढळले. तथापि प्युरिनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थ खाणाऱ्यांत तसे आढळले नाही. दूध घेणाऱ्यांत तर ते कमी होते. तेव्हा निरोगी माणसाने यूरिक आम्लाच्या भीतीने कुळीथ, तूर सोडण्याचे कारण नाही.

दोन-तीन महिन्यांची सरासरी शर्करा दाखवणारी एचबीए-वन-सी ही तपासणीही याच मुदतीची. लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते व तेवढ्या काळातील शर्करेची खूण ती बाळगते. आठ दिवस भात सोडून ही तपासणी सुधारत नाही.

एक गोष्ट मात्र या अहवालांत दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी आटते आणि सुके बांगडे, बोंबील, सुकट ताटात येतात. त्यातील मिठाचा परिणाम कोलेस्टेरॉलच्या अहवालात नव्हे, रक्तदाबात दिसतो. सुकी मासळी दोन-तीन पाण्यांत धुऊन, भिजवूनच वापरावी.

वर्षांनी कळणारा घटक

आता सुनेचा प्रश्न. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याही पालेभाजीत, धान्यात किंवा कडधान्यात भरवशाचे मिळत नाही. ते सूक्ष्मजीव तयार करतात व प्राण्यांच्या शरीरात साठते. म्हणून ते मासे, मांस, अंडी आणि दूध यांतूनच आपणास मिळते. खाडीतील तिसऱ्या व कालवे यांत ते विपुल असते, बांगड्यातही भरपूर असते. दुधात थोडे असते, पण रोज घेतल्यास उपयोगी पडते. आंबोळीचे पीठ आंबवल्याने किंवा शेवग्याचा पाला खाल्ल्याने ब-१२ मिळते, हा समज खरा नाही.

निरोगी व नियमित मासळी खाणाऱ्या माणसाच्या यकृतात ब-१२ चा साठा दोन ते पाच वर्षे पुरेल इतका असू शकतो. त्यामुळे मासे सोडल्यावर दोन महिन्यांनी कोलेस्टेरॉल उतरलेले दिसते, पण ब-१२ च्या साठ्याला ओहोटी लागलेली दिसत नाही. ती दिसते तेव्हा हातापायांना मुंग्या, बधिरपणा, थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे सुरू झालेली असतात. साठा मुळातच कमी असेल तर ही वेळ लवकर येते.

या विषयावर आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोलाचे काम केले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुणे परिसरातील खेडी, शहरातील झोपडवस्ती व मध्यमवर्गीय वस्ती येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार सामिष खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी पुरुषांत ब-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट होता. होमोसिस्टीन नावाचा घटक वाढण्याचा धोका ३ पट होता. शरीरात हा घटक सतत तयार होतो आणि ब-१२ व फोलेट यांच्या साहाय्याने त्याची विल्हेवाट लागते. ब-१२ अपुरे पडले की तो रक्तात तुंबतो. म्हणजे ज्यांचे कोलेस्टेरॉल उत्तम, त्यांचेही होमोसिस्टीन वाढलेले असू शकते. एका अहवालाने दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

याच संस्थेने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ कमी होते. फोलेट मात्र जवळजवळ सर्वांत पुरेसे होते, कारण ते पालेभाज्यांतून आणि गरोदरपणी मिळणाऱ्या गोळ्यांतून येते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्या मातांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट तीच. आईच्या ताटाचा परिणाम मुलाच्या रक्तात सहा वर्षांनी दिसला, हे लक्षात घ्यावे.

पुण्याचे आकडे राजापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण आपल्याकडे नाटे-जैतापूरची मासळी आहे. परंतु ज्या घराने मासळी सोडली व दूध-अंडी धरली नाहीत, त्या घराला आपल्याकडच्या समुद्राचा काहीच उपयोग नाही.

रक्तक्षय दोन्ही ताटांत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२, गरोदर स्त्रियांचे ११ व पुरुषांचे १३ ग्रॅमच्या खाली नसावे.

लोहाच्या बाबतीत एक विशेष आहे. कोरड्या कुळथात १०० ग्रॅममागे ७-८ मिलिग्रॅमच्या घरात लोह असते. माशात त्यापेक्षा कितीतरी कमी असते. परंतु कडधान्य-भाजीतील लोहापैकी शरीर जेमतेम शंभरात पाच-दहा भाग शोषून घेते, कारण फायटेटसारखे घटक ते बांधून ठेवतात. मांस-माशातील लोहाचा एक भाग अधिक सहज शोषला जातो. शिवाय थोडा मासा किंवा मांस सोबत असल्यास त्याच ताटातील डाळीचे लोहही अधिक शोषले जाते. थोडक्यात, कुळीथ आणि मासा एकमेकांचे वैरी नसून जोडीदार आहेत.

मासे न खाणाऱ्यांनी हेच काम पुढीलप्रमाणे साधावे. जेवणात लिंबू, आवळा, हिरवी मिरची, कोथिंबीर असावी, कारण क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. कडधान्यांना मोड आणावेत, पिठे आंबवावीत. त्यामुळे फायटेट घटते. आंबोळी व घावन बिड्याच्या तव्यावर करावे, आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवावी. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये. चहाने लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. शेतातून आल्यावर चहा घ्यावा, जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

कोणी काय करावे?

१. मासळी खाणाऱ्या घरांनी भाताचे ढीग कमी करून कुळीथ, वाल, चवळी यांपैकी एक तरी रोज ताटात आणावे. मासा कालवणाचा अधिक, तळलेला कमी. मटण सणापुरते.

२. श्रावण किंवा चातुर्मास पाळणाऱ्या निरोगी माणसास एवढ्या मुदतीत ब-१२ ची भीती नाही. मात्र साबुदाणा व तळलेले वेफर यांवर भर न देता मोडाची उसळ, दूध-ताक आणि माठ, अळू, शेवगा अशा भाज्या घ्याव्यात.

३. माळ घातलेल्या व कायम शाकाहारी असलेल्या कुटुंबांनी दूध-दही रोजच्या ताटात आणलेच पाहिजे. पुण्यातील अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाकाहारी तरुणांना दोन आठवडे रोज दूध दिल्याने त्यांच्या रक्तातील ब-१२ वाढले. श्रद्धा सोडण्याची गरज नाही, गोठा सांभाळण्याची आहे. दूध परवडत नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ च्या गोळ्या घ्याव्यात.

४. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे मासे, अंडी किंवा दूध घरातील दुसऱ्या कोणाच्या अहवालावरून बंद करू नये. लोह-फोलेटच्या गोळ्या चालू ठेवाव्यात व ब-१२ बद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

शेतावर काय करावे?

भात काढल्यानंतर पडीक राहणाऱ्या खाचरात अंगओलाव्यावर कुळीथ किंवा वाल घेता येतो. दापोली कुळीथ-१, कोकण वाल-१ व २, तसेच चवळीची कोकण सदाबहार हे दापोलीच्या विद्यापीठाचे वाण उपलब्ध आहेत. भात निघाल्यावर ओल उडून जाण्यापूर्वी, बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळून पेरणी करावी. घरापुरते कुळीथ विकत घेणे थांबले तर ते ताटात अधिक येते, हा अनुभव आहे. परसात सांडपाण्यावर माठ, अळू, शेवगा, लिंबू घ्यावा. चार-सहा कोंबड्या व एखादी दुभती गाय असल्यास घराच्या ब-१२ ची चिंता मिटते.

रक्ताचा नमुना देताना

मातीचा नमुना चुकला की शिफारस चुकते. तसेच येथे. चरबीच्या तपासणीसाठी १० ते १२ तास उपाशी राहावे, पाणी चालते. आदल्या दिवशी जेवणावळ किंवा मद्यपान नसावे. ताप, आजार असताना तपासणी करू नये. आहार बदलल्यावर कोलेस्टेरॉल सहा ते आठ आठवड्यांनी व एचबीए-वन-सी तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. सामिष सोडून वर्ष उलटले असल्यास ब-१२ एकदा तपासून घ्यावे. साधारणतः २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा असल्यास तो कमी समजतात. अहवाल नेहमी जपून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतील फरक अधिक बोलतो.

मेळाव्यातील त्या शेतकऱ्यास एवढेच सांगितले की, "काका, तुमच्यापुरते तुम्ही योग्य केलेत. तुमच्या शेताचा माती परीक्षण अहवाल घेऊन शेजाऱ्याच्या शेतात खत टाकाल का? सूनबाईंचे शेत वेगळे आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उद्या बाजाराला जातो. बांगडा मिळाला तर आणतो. तिच्यासाठी." कुळथाचे बियाणे कधी मिळेल, हेही त्यांनी जाताना विचारून घेतले. दोन्ही गोष्टी एकाच घराला हव्या आहेत.